विहिरीला चढलेलं पाणी

वैशाखात कुठं विहिरीला पाणी चढतं का? माजलगावच्या अलीकडं, सिंदफणेच्या काठाला राधाकिशनची विहीर आहे, तिला चढलं. आभाळ कोरडं ठाक, कालवा बंद, शेजारपाजारचे बोअर नुसती हवा ओढतायत, आणि हिच्यात सकाळी बघावं तर पाणी पायरीभर वर. झरा फुटल्याची खूण नाही, आवाज नाही. तळातून कोणीतरी हळूच वर ढकलावं तसं ते यायचं.

गाव लोटलं बघायला. राधाकिशनच्या बायकोनं, विमलबाईनं, नारळ फोडला. बाई तोंडानं फटकळ. त्या घरात तिचं मत हेच घराचं मत, आणि राधाकिशनला त्याचं काही वाटतही नव्हतं. त्यांची मोहिनी बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचं पहिलं लेकरू हाती लागलं नव्हतं, हे दुसरं, मुलगा झालेला. सव्वा महिना भरला की बाळंतिणीनं विहीर पुजायची, खडे मांडून हळदीकुंकू वाहायचं, शेवटच्या पायरीवर उतरून घागर भरून आणायची. पहिल्या वेळी ते राहून गेलं होतं, आणि विमलबाईच्या मनाला ते कुसळासारखं टोचत होतं.

"नातवासाठी विहीर आपून उठून आली," ती आल्यागेल्याला सांगायची.

एक गोष्ट मात्र ती कोणाला सांगत नव्हती. बांधापलीकडं नव्या गोदामाचं काम चाललेलं. क्रेननं हातोड्याचं लोखंडी वजन उचलायचं आणि सिमेंटच्या खांबाच्या डोक्यावर आदळायचं. तिकडं खांब आत जायचा आणि इकडं अंगण फुगायचं. दाराची कडी बसेना. म्हैस खाली बसायचंच विसरली, उभ्या उभ्या रवंथ करायची. तुळशीजवळ पाय टाकला की जमीन घट्ट सायीसारखी थलथल हलायची. विमलबाई पाय काढून घ्यायची आणि कोणी पाहिलं का म्हणून मागं बघायची. तिला भीती वाटत होती, अगदी खरीखुरी. म्हणून तर ती जास्तच ठासून बोलायची.

गोदामावरचा सुपरवायझर अनिल, सिरसाळ्याचा, अधूनमधून चहाला यायचा. त्यानं विहिरीत डोकावून पाहिलं.

"काकू, हे झऱ्याचं पाणी न्हाई. खांब घुसला की चिकणमाती दबती, तिच्यातलं पाणी वाट मिळंल तिकडं पळतंय. तुमचा काठ आतून पार मऊ झालाय. आता हे पाणीच त्याला धरून हाय. उपसू नका, आन् महिना-दीड महिना कोणी आत उतरू नका."

"म्हंजी आमच्या विहिरीतलं पाणी बी तुमच्याच कंपनीचं का?" विमलबाई म्हणाली, आणि चहाची कपबशी उचलून आत गेली.

राधाकिशननं जेवताना भीत भीत विषय काढला. "पूजा नळावर करू की. लोकं करतेत."

"लोकं लई कायबाय करतेत," ती म्हणाली. झालं, विषय मिटला.

पूजेच्या दिवशी तिनं अनिलला गाठून पूजा होईस्तोवर ठोकणं बंद ठेवायला लावलं. वरूनच पूजा करायची, या बोलीवर तो कबूल झाला. बाईनं मान डोलावली. पण पाणी होतं राखाडी, ताकाच्या निवळीसारखं. असल्या पाण्याची घागर आपल्या नातवाच्या घरात यायची न्हाई, म्हणून तिनं सकाळीच मोटार चालू करायला लावली होती. गढूळ उपसलं की नितळ येईल, हा साधा हिशोब. आपण सगळे असंच करतो.

दुपारी तळ दिसला, पण नितळ काही आलं नाही. हातोडा बंद, मोटार बंद. इतके दिवस त्या धाड धाड आवाजाची सवय झालेली, आता कानांना दडे बसल्यागत झालं. विहिरीचे काठ ओले, गुळगुळीत, चकाकत होते. बायका घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आल्या. मोहिनीला पाय ठेवता यावा म्हणून राधाकिशन फावडं घेऊन शेवटच्या पायरीवरचा गाळ काढायला उतरला.

काठ कोसळला असं म्हणता येणार नाही, कारण आवाजच झाला नाही. वरच्या हरळीसकट तो उभाच्या उभा पुढं सरकला आणि खाली बसला. बायकांनी मोहिनीला मागं ओढलं. राधाकिशन छातीपर्यंत मातीत होता. ती माती पातळ होती, पिठल्यासारखी वाहत होती. तो हातपाय झाडत होता आणि थोडा थोडा वर येतही होता.

विमलबाई काठावर पालथी पडली. "हालू नका! जितकं हालाल तितकं खाली जाल."

नदीकाठची माणसं लहानपणापासून हेच ऐकत आलेली. गाळात रुतलेल्या माणसाला हेच सांगतात.

अनिल धावत आला. "काका, थांबू नका, पाय हालवत ऱ्हा. ही माती हालवली की सैल पडती, निवांत ठिवली की धरती. काल सहज गेलेला खांब आज हातोड्याला दाद देत न्हाई."

राधाकिशननं त्याच्याकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"त्याचं ऐकू नका," विमलबाई म्हणाली. "त्याच्यापायीच झालंय हे सगळं."

तो थांबला. हात समोर मातीवर ठेवून अगदी निमूट उभा राहिला, जसा आयुष्यभर तिच्यापुढं राहिला होता.

गोदामावरून दोर येईपर्यंत मातीची चकाकी जाऊन ती घट्ट धरली होती. काखेतून दोर घालून गड्यांनी ओढलं. तो ओरडला. बोटभरही वर आला नाही. अनिल उतरायला गेला तर उरलेल्या काठाला भेग पडली आणि लोकांनी त्याला मागं खेचलं. जेसीबी जवळ आणायची सोय नव्हती, तिच्या वजनानं सगळंच आत गेलं असतं. राधाकिशनचा श्वास आखूड होत चालला. छातीभोवती माती आवळत होती, कोणी घाई न करता पट्टा ओढावा तशी.

"विमल," तो म्हणाला. "मी हाललो न्हाई गं."

शाबासकी मागावी तसं म्हणाला तो. विमलबाईनं अनिलकडं बघितलं. अनिलनं मान खाली घातली. तेव्हा तिला कळलं.

"हाला," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "अहो, हाला आता. मी सांगते ना, हाला."

त्यानं ऐकलं. तिचं तो नेहमीच ऐकायचा. मानेच्या शिरा ताठल्या, डोळे मिटले. मातीवर ठेवलेल्या हातांची बोटं तेवढी हलली.