तपकिरी

“रंगारी, ही काच दोनदा का रंगवलीस?” डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकावरची मान वर न करताच विचारलं.

“पहिल्यांदा तपकिरी जास्त चढला असं वाटलं, मॅडम.”

“चढला नव्हता. आहेच तो.”

गाठींचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला रंगारीच म्हणत. यानं रंगवायचं, डॉक्टरांनी वाचायचं, अशी सरळ वाटणी. ती त्यानं एकदाच मोडली. चार महिन्यांपूर्वी थोरल्या बहिणीच्या गाठीची काच हाती आली आणि त्याला राहवलं नाही. गाठीभोवती निळ्या ठिपक्यांची, म्हणजे शरीर राखणाऱ्या पेशींची, ही गर्दी! ताईनं तेव्हा औषधांना हात जोडले होते, आता शांतपणे जाऊ दे म्हणत होती. हा अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन घरी धावला. “ताई, तुझी माणसं गाठीला वेढा घालून उभी आहेत. त्यांना चेव आणणारी सुई निघालीय. घे.”

भावाचा शब्द म्हणून तिनं घेतली. तीन सुयांत तोंड फोडांनी भरलं, कातडी सोलून निघाली. गाठ मात्र वाढतच राहिली. म्हणून मॅडमनी त्याच गाठीचा काप या नव्या रंगात पाहायला मागवला होता.

“ही गाठ एक एन्झाइम तयार करते,” मॅडम म्हणाल्या. “तुला दिसतोय तो तपकिरी, तेच. राखणाऱ्या पेशींना लागणारा अन्नातला एक घटक ते तिथल्या तिथे तोडून टाकतं. पेशी येतात, पण उपाशी. लढणार कशाच्या जोरावर?”

“मग सुई?”

“बंद करू.”

दुपारी तो घरी गेला. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी ताट तसंच झाकलेलं होतं.

“माझी माणसं उभी आहेत ना रे अजून?”

“आहेत. पण उपाशी आहेत, ताई. गाठ त्यांचं खाणं तोडते. सुई बंद करायची मॅडम म्हणाल्या. मी तुला उगाच भरीला घातलं.”

तिनं त्यातला एकच शब्द ऐकला.

“उपाशी?”

आई गेल्यापासून तिनं घरातल्या कुणालाच उपाशी निजू दिलं नव्हतं, यालाही नाही. कोपरावर जोर देऊन ती उठून बसली आणि तिनं ताट पुढे ओढलं.

“अगं, तसं नसतं ते. तू खाल्लेलं त्यांना नाही मिळायचं.”

“तुला कळतं का त्यातलं?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

फोडांवरून घास जाताना तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं तो गिळला आणि दुसरा घेतला. तो पाण्याचा पेला धरून शेजारी बसून राहिला.