डाव्या पिशवीतला दोर

शैलेंद्रने डाव्या पिशवीत हात घातला आणि बाहेर भलताच दोर आला.

तो थबकला. दोर गॅरेजच्या दिव्याखाली धरून त्याने नीट बघितला. हा तर उजव्या पिशवीतला! मग त्याने उजवी पिशवी उलटी केली, तर डावीतला दोर जमिनीवर पडला. तोही कसा, तर छान गोल गुंडाळलेला, मधोमध दोन वेढे देऊन आवळलेला, वाण्याच्या दुकानातून आत्ताच आणल्यासारखा.

"हं," तो स्वतःशीच म्हणाला. "इथे कुणाचा तरी हात लागलाय."

शैलेंद्र सोहोनीला असा संशय येणं यात नवल काहीच नव्हतं. कॅनडातल्या विनिपेगच्या एका कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. कागदावर सही नसेल तर बोल्ट कितीही गोंडस असो, हा गृहस्थ तो बाजूला ठेवणार. आणि गेली सहा वर्षं त्याला शिकारीचं वेड लागलं होतं. साधीसुधी शिकार नाही. कमरेला रुंद पट्ट्यांचं खोगीर बांधायचं, झाडावर वीस फूट चढायचं, तिथे दोराला लोंबकळत बसायचं आणि धनुष्यबाण घेऊन हरणाची वाट बघायची. महाराष्ट्र मंडळात लोक त्याला तोंडावर 'धनुर्धर' म्हणत आणि मागे 'माकड'. त्याला दोन्ही ठाऊक होतं.

पण दोरांच्या बाबतीत तो कुणाचं ऐकून घेत नसे. खोगिराच्या दोन बाजूंना दोन पिशव्या. डावीत चढतानाचा दोर, जो खोडाभोवती टाकून कमरेला अडकवायचा. उजवीत वर पोचल्यावरचा, ज्याच्यावर सगळा जीव टांगायचा. दोर गुंडाळायचा नाही, सुटं टोक आधी घालून कोंबत जायचं आणि कडी सगळ्यात वर ठेवायची. मग बोटं थंडीने बधिर झाली तरी न बघता हात घातला की बरोबर कडीच हाताशी येते. ही त्याची पद्धत होती, आणि ती तो बदलत नसे.

त्याने उजवीतला दोर, तो जीव टांगायचा, वीत वीत करत चिमटीतून ओढला. साधारण मध्यावर तो थांबला. हिरवट दोरावर बोटभर लांबीचा तांबूस डाग होता. पुसायचा प्रयत्न केलेला कळत होता. त्याने ओल्या टिश्यूने घासलं, तर टिश्यूला फिकट लाल रंग आला. त्याने वास घेतला. कसलाच वास नव्हता. वाळलं की रक्ताला वास कुठे राहतो?

टिश्यू बाकावर ठेवून तो हिशोब करू लागला.

घरात माणसं दोनच. लेक ईशिता दूर, पश्चिम किनाऱ्याजवळच्या कोक्विटलामला. बायको चित्रा तर गॅरेजातल्या या शिकारीच्या कपाटाकडे फिरकतही नसे. तिने त्याचं नावच 'कत्तलखाना' ठेवलं होतं. हरणाचं मांस घरात शिजवायचं नाही, फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही, गॅरेजातला जुना फ्रीजर काय तो तुझा, असा कायदा पहिल्याच वर्षी झाला होता. तो स्वतः मंगळवारपासून ऑडिटसाठी विंडसरला गेला होता, काल रात्री परतला. मग उरलं कोण?

शैलेंद्रने फोन काढून गॅरेजच्या दाराचं ॲप उघडलं. बुधवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. दार उघडलं, कोड पुष्करचा.

पुष्कर! तो फोनकडे बघतच राहिला.

पुष्कर भागवत त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान. एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. पुण्यात असताना सह्याद्रीत कडे चढलेला, म्हणून शैलेंद्रनेच त्याला या छंदात ओढलं होतं. चार वर्षं दोघं एका गाडीने जात, एकाच रानात शेजारच्या झाडांवर बसत. चित्राच्या हातची थालीपीठं तो हक्काने मागून खात असे. अशा माणसाला कोड द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा? पण आता शैलेंद्रचं डोकं चालायला लागलं होतं, आणि एकदा ते चाललं की थांबायचं नाव नाही. पुष्करचा दोर उन्हाळ्यातच झिजला होता, तो आपणच त्याला दाखवला होता. 'नवा घेतो, घेतो' म्हणत त्याने घेतला नव्हता. बुधवारी आपण गावात नाही हे त्याला ठाऊक. चार वाजता दोर न्यायचा, संध्याकाळची बैठक साधायची, जनावर पडलं की पुसून परत ठेवायचं. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं.

रक्ताचं त्याला एवढं काही नव्हतं. पण दोर कुणी वापरला, कसा वापरला, त्याच्यावरून कुणी घसरलं का, झटका बसला का, हे माहीत नसेल तर तो दोर मेलेला. आणि आपण उद्या त्यालाच लटकणार होतो. पुष्करने आपल्याला लटकू दिलं असतं? हा विचार काही केल्या गिळवेना.

तीन वाजता ठरल्याप्रमाणे पुष्कर आला. पाठीवर बॅग, हातात कॉफीचे दोन कप.

"दादा, उद्या वारा पश्चिमेचा आहे. मस्त!"

"ठेव तिथे." शैलेंद्रने कप घेतला नाही. "या आठवड्यात कुठे गेला होतास का?"

"मी? नाही. ऑफिस आणि घर."

"इथे आला होतास?"

पुष्करची नजर क्षणभर घरात जाणाऱ्या दाराकडे गेली. शैलेंद्रने ती टिपली.

"हो, म्हणजे... आलो होतो. बुधवारी. पाच मिनिटं."

"कशाला?"

"सहज."

"सहज!" शैलेंद्र हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "मी गावात नसताना माझ्या गॅरेजमध्ये सहज?"

कॉफीचे कप पुष्करने बाकावर एकाशेजारी एक ठेवले, उगाचच सरळ केले. शैलेंद्रने दोर त्याच्यासमोर धरला आणि डागावर अंगठा टेकवला.

"आणि हे?"

पुष्करने वाकून बघितलं. त्याच्या ओठांच्या कडेला चक्क हसू आलं, आणि लगेच त्याने ते आवरलं. शैलेंद्रच्या मस्तकात तिडीक गेली. एवढं करून वर हसतोय!

"दादा, मी दोर नेलेला नाही."

"मग कुणी नेला? हरीण आलं होतं का कोड घालून?"

"मी नेलेला नाही एवढंच सांगतो. तुम्ही... तुम्ही जरा घरात विचारा ना."

"घरात काय विचारू? चित्राला यातलं ओ की ठो कळत नाही. तिच्यावर ढकलतोस?"

पुष्करचा चेहरा उतरला. "ढकलत नाही हो. तुम्हाला मी खोटं बोलतोय असं वाटतंय का?"

"मी काहीच म्हणत नाही. दाराचा कोड तेवढा बदलतो. संध्याकाळच्या आत."

शब्द तोंडातून गेला तेव्हा शैलेंद्रला बरं वाटलं, अगदी दोन सेकंद. पुष्करने मान हलवली, बॅग पुन्हा खांद्यावर चढवली आणि म्हणाला, "बदला." एवढंच. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही लांब गेला.

शैलेंद्रने भिंतीवरची सुरी घेतली. संशयाचा दोर नुसता बाजूला ठेवायचा नसतो, त्याचे तुकडे करायचे असतात, म्हणजे चुकून कुणाच्या हाती लागत नाही. त्याने दोर बाकाच्या कडेला दाबला आणि पहिला तुकडा पाडला. दुसरा पाडणार तोच दार उघडलं. ट्रेमध्ये चहाचे तीन कप घेऊन चित्रा उभी.

"पुष्कर कुठे गेला? चहा... अरे, अरे! कापतोयस काय! परवा पूजा केलीय त्याची!"

सुरी तिथेच थांबली.

"कसली पूजा?"

"कसली म्हणजे? खंडेनवमी नव्हती का बुधवारी?" चित्राने ट्रे खाली ठेवला. "काल दसऱ्याचं श्रीखंड ओरपलंस, तेव्हा नाही आठवलं? दर वर्षी करते तशी केली. गाडी झाली, लॅपटॉप झाला, विळी झाली, शिवणाचं मशीन झालं. मग म्हटलं, सगळ्यांना कुंकू लावलं आणि माझा नवरा ज्याला लटकतो तोच तेवढा कोरडा?"

"तू? तू तर या कपाटाकडे बघतही नाहीस."

"हरणं मारण्याची नाही पूजा केली मी." तिचा आवाज जरा चढला. "सहा वर्षं तू शनिवारी बाहेर पडलास की फोन घेऊन बसते मी. पडला असेल का, लोंबकळत राहिला असेल का. तुला सांगितलं तर तू हसणार. म्हणून देवाला सांगितलं."

शैलेंद्रने हातातल्या तुकड्याकडे बघितलं. तो रंग त्याने जन्मापासून देवघरात पाहिला होता, आईच्या कपाळावर पाहिला होता, समोर उभ्या असलेल्या बायकोच्या कपाळावर या क्षणीही होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"आणि हे गुंडाळलं कुणी?"

"मीच. वाळत घालायची दोरी गुंडाळतो तशी, कोपरावरून. किती गबाळी कोंबून ठेवली होतीस!"

"मग पुष्कर कशाला आला होता?"

"तुझं ते पिशव्यांचं खोगीर कपाटात वर, छताजवळच्या हुकाला. माझा हात पोचतो का तिथे? त्याला फोन केला, बिचारा ऑफिसातून आला, काढून दिलं, नमस्कार केला, थांबून परत टांगूनही गेला. कुंकू दिसू नये म्हणून मी पुसलं आणि त्याला शपथ घातली, दादांना सांगायचं नाही. तू वर्षभर चिडवशील म्हणून." तिने बाकावरचे कॉफीचे दोन न उघडलेले कप बघितले. "शैलेंद्र, तू काय बोललास त्याला?"

त्याने सांगितलं. कोडचंही सांगितलं. चित्रा मटकन स्टुलावर बसली.

"अरे, एका शब्दाने तो सुटला असता," ती म्हणाली. "माझ्यासाठी गप्प बसला."

संध्याकाळी दोघंही पुष्करकडे गेले. शैलेंद्रने माफी मागितली, अगदी हात जोडून मागितली. त्याला ते सोपं गेलं नाही, पण मागितली. चित्रा तर रडलीच. पुष्करची बायको अपूर्वा आत चहा टाकायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"अहो दादा, विसरा," पुष्कर म्हणाला. "होतं असं. पुढच्या शनिवारी जाऊ ना. तोवर तुमचा नवा दोर येईल." त्याने विषय बदलला, विंटर टायर्स कधी बदलायचे ते विचारलं. निघताना खाली गाडीपर्यंत सोडायलाही आला. शैलेंद्रच्या छातीवरचं ओझं उतरलं. परत येताना तो चित्राला दोनदा म्हणाला, "मोठ्या मनाचा आहे पोरगा." चित्रा खिडकीबाहेर बघत होती.

पुढच्या शनिवारी दुपारी दोनला ते रानात पोचले. नदीकाठचे ओक बरेचसे उघडे झाले होते, पायाखाली पानं वाजत होती. गाडीत पुष्कर भरपूर बोलला होता, ऑफिसच्या गमती सांगितल्या होत्या, चित्राने दिलेलं थालीपीठ खाल्लं होतं. शैलेंद्रही खुशीत होता. नवा दोर उजव्या पिशवीत, कडी वर.

झाडाखाली त्यांची एक रीत होती. आपला दोर आपण कितीही तपासलेला असो, चढण्यापूर्वी दुसऱ्याने तो तपासायचा. कडी बंद आहे का, गाठ नीट बसली आहे का, आणि शेवटी दोन्ही हातांनी जोरात हिसका. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, हे शैलेंद्रनेच पुष्करला शिकवलं होतं. चार वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

पुष्कर पुढे आला. त्याने शैलेंद्रचा दोर घेतला आणि सगळं बघितलं, नेहमीपेक्षा सावकाश. कडी दाबली, गाठ बोटाने चाचपली, दोनदा हिसका दिला. मग आणखी एकदा.

"ओके दादा. पक्कं आहे."

"चल, आता तुझं," म्हणत शैलेंद्रने हात पुढे केला.

पुष्कर एक पाऊल मागे सरला. अगदी एकच, आणि फार सभ्यपणे.

"माझं राहू दे. मी बघितलंय."

"अरे, पण आपलं..."

"खरंच बघितलंय दादा. उशीर होतोय, ऊन उतरेल." तो हसला. रागाचा लवलेशही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, शैलेंद्रला वाटलं. भांडता तरी आलं असतं.

पुष्कर धनुष्य उचलून आपल्या झाडाकडे चालू लागला. शैलेंद्र चढला. वीस फुटांवर पोचून त्याने अंग दोरावर सोडलं. दोराने हूं की चूं न करता ते पेललं. मग त्याने मान वळवली. पन्नास पावलांवर पुष्कर खोडाशी उभा होता, हातमोजे काढून, आणि आपला दोर आपणच पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.