पाडव्याच्या पंगतीतली आमटी

मित्रांनो, माझ्या काठावर 'भिवराबाई' अशी अक्षरं कोरलेली आहेत. मी एक जुनं तांब्याचं भगुणं, म्हणजे रुंद तोंडाचं पातेलं. निजामाचं राज्य होतं तेव्हा बीडच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि भिवराबाईच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात दिलं.

माझ्या पोटात चांदीसारखी कल्हई होती. तांब्याला आंबट सोसत नाही. आंबट लागलं की ते विष सोडतं. कल्हई आहे तोवर मधे भिंत असते. दरवर्षी दस्तगीर कल्हईवाला गावात येई, भाता मारी, मला लाल करी आणि ती भिंत पुन्हा उभी करी. बारा वर्षं माझ्यातली आमटी लोकांनी द्रोण चाटून खाल्ली. मला त्याचा थोडा तोराही होता.

मग गावात पटकी आली. उलट्या होऊन माणसं पटापट जाऊ लागली. आठ दिवसांत भिवराबाईची सासू गेली, पाठोपाठ एकुलती एक लेक गेली. भिवराबाई इतकी घाबरली, की महिनाभर रोज राख आणि विटेचा चुरा घेऊन भांडी घाशीत बसायची. रोग भांड्याला चिकटला असेल असं तिला वाटे. रोग गेला की नाही कोण जाणे, माझ्या पोटातली कल्हई मात्र गेली. आणि त्या साली दस्तगीर पटकीच्या गावाकडे फिरकलाच नाही.

शेवटी तिचा नवरा आसाराम गाडीत संसार घालून तेलगावला आला. विठ्ठलराव पाटलांनी त्याला वाट्यानं जमीन दिली, गावाच्या कडेला घर बांधायला जागाही दिली, पण बजावलं, "ऱ्हावा, पन पानी मळ्यातल्या हिरीचं भरा. गावच्या आडावर येऊ नगा."

दोन खणांचं मातीचं घर उभं राहिलं. त्यात कुणी पाय टाकला नाही. बाया दुरून बघत आणि पोरांना मागे ओढत.

पाडवा जवळ आला, तेव्हा भिवराबाईनं पाच घरांना जेवायचं आवतण धाडलं. शेजारची मुक्ताबाई कुंपणाबाहेरूनच म्हणाली, "कावून बोलावतीस गं? लोकं लई भेलेत."

"भेलेत म्हनूनच बोलावते, आक्का. एकडाव माझ्या हातचं खाल्लं की भेव जाईल."

पाडव्याला पहाटेच तिनं पुरण शिजवलं. डाळीच्या पाण्याची आमटी करायला मला चुलीवर ठेवलं. स्वयंपाकाच्या खणात उजेड कमी होता आणि तिचं मन दाराकडे होतं. तिनं आत डोकावून पाहिलंच नाही. वर चिंचेचा कोळ ओतला.

चिंच उघड्या तांब्याला झोंबत होती. मला वाटलं, पाहुणे लवकर आले तर बरं, आमटी फार मुरणार नाही. पण दुपार टळली तरी कुणी आलं नाही. आसाराम ओसरीत येरझाऱ्या घालत होता. माझ्या पोटात विष उतरत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. या घरात जेवून कुणाला एक जरी उलटी झाली, तरी गाव काय म्हणेल हे मला कळत होतं. पटकी आली, असंच म्हणेल. या दोघांना गावातून हाकलतील, कदाचित घरही जाळतील.

उन्हं कलल्यावर पाटील आले. पाटील आलेले पाहून आणखी सात-आठ जण आले, मुक्ताबाईचा नवरा सटवाही आला. पत्रावळी मांडल्या. भिवराबाईनं मला ओसरीत आणलं आणि भराभर द्रोण भरले. तिसऱ्या द्रोणानंतर आमटीची पातळी उतरली. काठाखाली हिरवट कडं उघडं पडलं.

तिचा पळीचा हात थांबला. तिला सगळं कळलं. पाटलांनी द्रोण उचलला होता.

गप्प राहिली असती तर? ती पुढे धावली आणि भरल्या पंगतीत तिनं पाटलांचं मनगट धरलं.

"नगा पिऊ! समद्यांनी द्रोन खाली ठेवा. भगुन्याची कल्हई गेलीया. आमटी कळकली, तांबं उतरलंया तीत. चूक माजी हाय."

दोघं उठले. "पटकीच्या घरचं जेवन, अजून काय व्हनार?" असं म्हणत ते न जेवताच निघाले. सटवानं मात्र दोन घोट आधीच घेतले होते. घटकाभरात त्याला मळमळू लागलं आणि अंगणात भडभडून ओकारी झाली. मुक्ताबाई किंचाळत धावत आली.

भिवराबाईनं त्याला मिठाचं पाणी पाजून पोट रिकामं केलं आणि मग घोट घोट दूध दिलं. लेकीलाही तिनं असंच घोट घोट पाजलं होतं. कुंपणापलीकडे माणसं जमली. पाटील जागचे हलले नाहीत. मला जवळ ओढून त्यांनी आतल्या हिरवट कड्यावर बोट फिरवलं, ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "हे तांबं हाय बे, पटकी न्हाई. बसा गप."

बसले सगळे. एकेक क्षण जाता जात नव्हता. दिवस मावळता मावळता सटवानं डोळे उघडले आणि पुटपुटला, "भुकेनं पोटात आग पडलीया. पोळी हाय का न्हाई?"

मुक्ताबाई रडत रडतच उंबरा ओलांडून आत गेली आणि स्वतःच्या हातानं पोळीचं ताट घेऊन आली. मग राहिलेली पंगत दूध-पोळी जेवली. निघताना पाटील म्हणाले, "उद्यापासनं आडावर या पान्याला."

दुसऱ्या दिवशी आसारामनं दस्तगीरला शोधून आणलं. मी पुन्हा उजळलं.

मित्रांनो, आता मी फडताळात असतं. सणाला मला खाली काढतात, बाहेरून घासून लख्ख करतात आणि कौतुक करतात. तुम्ही मला उचलाल तेव्हा आधी उजेडात नेऊन माझ्या आत बघा. आणि कधी बघायचं राहिलंच, तर भरल्या पंगतीतही थांबवायला लाजू नका.