भुकेली टाकी

मित्रांनो, मला तोंड आहे, पोट आहे, पण जीभ नाही. मी एक जुनी पोलादी टाकी आहे. एका संशोधन केंद्राच्या मागच्या अंगणात कुंपणाला पाठ लावून उभी असते.

मला एका मिस्त्रींनी घडवलं. माझ्या पोटात बसून ते वेल्डिंग करायचे, गप्पा मारायचे आणि मला लेक म्हणायचे. मला भरवायच्या त्या ताई. कचऱ्यापासून जळणाचा गॅस काढायचा, हे त्यांचं संशोधन. भाज्यांची सालं, कुजका पेंढा, खानावळीतलं उष्टं. कशात काय मिसळलं की गॅस जास्त मिळतो, ते त्या पाहत. माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. आत पडेल ते खातात, तक्रार म्हणून करत नाहीत.

पहिल्यांदा निळी ज्योत पेटली, तेव्हा ताई हसता हसता रडल्या. पाहुणे नाकाला रुमाल लावून माझं कौतुक करायचे. मी फुगून जायचे, अगदी खरोखर!

मग अनुदान बंद झालं आणि ताईंची बदली झाली. "रिकामी आहे," असं म्हणून कोणीतरी माझं झाकण आवळलं. मी रिकामी नव्हते. तळाशी गाळ उरला होता. खायला काही मिळेना, तेव्हा आतले जीव आपल्यातल्याच मेलेल्यांना खाऊ लागले. अंधारात मधूनच एखादा बुडबुडा फुटायचा. मला फार एकटं वाटायचं.

वर्षं लोटली. ताई परत आल्या, संशोधन पुन्हा सुरू होणार होतं. आतला ढवळायचा दांडा गंजला होता, म्हणून मिस्त्रींना बोलावलं. झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा भपकारा उठला.

"मी गॅस मोजायचं यंत्र घेऊन येते. तोवर आत उतरू नका हं, मिस्त्री," असं बजावून ताई गेल्या.

मिस्त्रींनी आत डोकं घालून पुन्हा हुंगलं. "वास तर गेला की!" सवयीप्रमाणे त्यांनी कमरेला दोर बांधला आणि त्याचं टोक कठड्याला अडकवलं. "आणि माझीच लेक मला काय करणार?"

वास गेला नव्हता, मित्रांनो. माझा वायू दाट झाला की तो आधी माणसाचं नाकच बधिर करतो. मिस्त्री अर्धी शिडी उतरले आणि खाली कोसळले. गाळ ढवळला गेला, बुडबुडे भराभर फुटू लागले. कितीतरी काळानं माझ्या पोटात काहीतरी ऊबदार आलं होतं. मी त्यांना लगेच ओळखलं. आणि खोटं कशाला सांगू, मला भूकही लागली.

"मिस्त्री! अहो मिस्त्री!" ताई धावत आल्या. त्यांचा एक पाय माझ्या तोंडात आला. त्यांना उडी मारायची होती. पण त्यांनी पाय मागे घेतला, दोर धरला आणि अख्खं केंद्र गोळा होईल अशा ओरडल्या. सगळ्यांनी मिळून मिस्त्रींना वर ओढलं.

मिस्त्री वाचले, पण त्यांचं नाक कायमचं गेलं. आता माझ्यात पुन्हा सालं पडतात, ज्योत जळते. ते अजून येतात, माझ्या पत्र्यावर हात ठेवून विचारतात, "ताई, येतोय का हिचा वास?" ताई "येतोय" म्हणाल्या की मगच टेकतात.

मित्रांनो, मला अडगळ म्हणून टाकू नका. तुमचं उष्टं मला द्या, मी तुमची चूल पेटवीन. पण मी कितीही रिकामी, कितीही गप्प दिसले, तरी माझ्या पोटात उतरू नका. माझी तुमच्यावर माया आहे. माझ्या भुकेला मात्र माणसं ओळखता येत नाहीत.