शून्याच्या खालचं वर्तुळ

सोनिकाला एक खोड होती. आकडा जुळला नाही की तिला चैन पडत नसे. बेसा भागातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायची, आणि तिचा साहेब, पंकज इंजिनीयर, या खोडीला पार कंटाळला होता.

त्या दिवशीचं काम तसं साधंच. जन्मभर हातमाग चालवलेले उमरेडचे नत्थूजी सक्करदऱ्याच्या पलीकडे घर बांधणार होते. कॉलम कुठे येणार ते पंकजनं ठरवलं होतं. सोनिकानं ते सर्वेच्या नकाशावर बसवायचे आणि प्रिंट द्यायची. सकाळी चुन्यानं आखणी केली की कॉलमचे खड्डे सुरू. सर्वेच्या नकाशाची फाइल जुनी, प्लॉट विकणाऱ्यानंच दिलेली. मागच्या कोपऱ्यात एक वर्तुळ होतं, नाव ना गाव. झाडबिड असेल, आडवं येतं का पाहावं म्हणून तिनं कॉलमपासूनचं अंतर मोजलं. स्क्रीनवर कॉलम थेट वर्तुळात उभा, आणि अंतर साडेनऊ मीटर!

"पंकजभाऊ, हे पाहा ना."

"त्यात काय पाहायचं? सर्वेवाल्याच्या रेघा वर-खाली राहतेतच. सगळ्याइची उंची शून्य करून टाक. दर वेळी करतो ना आपण?"

करतच होते. घराच्या नकाशात उंचीचं कौतुक कुणाला? सपाट केलं की रेघेला रेघ मिळते आणि कटकट मिटते. तिचं बोट माउसवर गेलंही. पण साडेनऊ मीटर म्हणजे तीन मजले हो! तिला राहवेना. उंची पुसण्याआधी तिनं नकाशा फिरवला आणि बाजूनं पाहिला. इतक्या वर्षांत हे तिला कधी सुचलं नव्हतं. कुंपण, रस्ता, विजेचा खांब, सगळं पापडासारखं एका पट्टीत आलं. ते वर्तुळ मात्र पार खाली, एकटंच. अगं बाई, झाड कधी जमिनीखाली असतं का?

नकाशावर सर्वे करणाऱ्या कामठीच्या कवडूचा नंबर होता. तिनं लगेच फोन लावला.

"कवडूभाऊ, त्या प्लॉटात खाली काय हाय जी?"

"विहीर," तो सहज बोलला. "पाच वर्षं झाले. टेपले गोटा बांधून सोडला होता मी आत. कोरडी ठक्क होती."

"मग नाव काहून नाही लिहिलं?"

"लिहिलं होतं वं. मालकानं पुसायले लावलं. त्याले विकायचा होता ना प्लॉट! आकड्यातली खोली तेवढी फाइलीत राहून गेली. कागदावर थे दिसतच नाही, तं त्यानं विचारलीही नाही."

एका क्लिकवर नत्थूजींचं घर विहिरीवर उभं राहिलं असतं, आणि मेलं कुणाला कळलंही नसतं.

"मी जागा पाहून आलो, सपाट मुरूम हाय," तिचं ऐकून पंकज म्हणाला. "विहीर नाही निघाली तं लोक हसतीन आपल्याले."

"अन् निघाली तं?"

पंकजनं मजुराला फोन करून सकाळी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणायला सांगितलं.

सकाळी प्लॉटवर नत्थूजी नारळ घेऊन हजर. सोबत त्यांची बायको सखूबाई. सोनिकाचं ऐकून नत्थूजी भडकलेच. "माझ्या जागेत विहीर? चारदा फिरलो मी इथं, पोरी!" तरी मजुरानं कोपऱ्यात सब्बल घातली. दोन फूट टणक मुरूम निघाला. नत्थूजींनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलंच चुकलं की काय? तेवढ्यात सब्बल मुठीपर्यंत आपोआप आत गेली. छपराची फुटकी कवेलू, सिमेंटच्या फाटक्या पिशव्या आणि सैल राख भसकन खाली सरकली. मजूर उडी मारून मागे आला.

नत्थूजी जागच्या जागी बसले. नारळ त्यांच्या मांडीवरच राहिला. पंकजनं मुकाट्यानं प्रिंट उघडली आणि कॉलम कुठे सरकवता येतील ते पाहू लागला.

सखूबाई खड्ड्याच्या काठाशी आल्या आणि वाकून पाहू लागल्या.

"इथं कोणती खोली होती वं?"

"झोपायची, मावशी."

"माय वं! नातवाचा पाळणा तं इथंच टांगणार होतो आमी."

सोनिकानं म्हातारीचा हात घट्ट धरला आणि तिला चार पावलं मागे घेतलं.