परतीचे पॉइंट

बँकेतल्या पोरीने माझ्यापुढे दोन कार्डं मांडली, एक निळं आणि एक सोनेरी. मग गोड आवाजात विचारलं, "आजी, तुमचा रोजचा खर्च साधारण कशावर होतो?"

"माणसांवर," मी म्हटलं. "चार तोंडं आहेत घरात."

"आई, ती किराणा, औषधं, असं विचारतेय," चिरंजीव म्हणाले.

"मग तसं विचारावं."

चिरंजीव म्हणजे माझा मुलगा. एका कंपनीत हिशेब तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो आणि संध्याकाळी घरी तेच काम फुकट करतो. बँकेत तो माझ्या सोबतीला आला होता, म्हणजे माझ्या वतीने बोलायला. त्याने आदल्या दिवशीच कागदावर सगळं आखून ठेवलं होतं. निळ्या कार्डावर शंभराचा खर्च केला की दीड रोख परत खात्यात. सोनेरीवर रोख काही नाही, नुसते पॉइंट, आणि त्या पॉइंटांचं फक्त विमानाचं तिकीट मिळतं.

"निळं," तो म्हणाला. "यात विचार करण्यासारखं काय आहे? पॉइंटांचं काय लोणचं घालायचंय?"

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पोरीला विचारलं, "हे पॉइंट कोणाला उसने देता येतात?"

"नाही आजी."

"गॅस आणायला? नळ गळायला लागला तर?"

"नाही."

"कोणाचा चष्मा फुटला तर?"

"नाही हो." पोरीचा चेहरा पडला. तिला वाटलं म्हातारी तक्रार करतेय. "फक्त तिकीट. तेही तुमच्याच नावाचं."

"मग सोनेरी द्या."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. लावू दे. कपाळ त्याचं, हात त्याचा.

त्याला मी कारण सांगितलं नव्हतं. खालच्या खोलीतला शिंपी दर महिन्याला भाडं देतो, ते माझ्या खात्यात येतं, कारण खोली माझ्या नावावर आहे. त्यातलं थोडं थोडं बाजूला टाकून मी दोनदा तिकिटाचे पैसे जमवले होते. पहिल्यांदा न्हाणीघरातला पाइप फुटला. दुसऱ्यांदा नातीला चष्मा लागला. माझ्याकडे कोणी हात पसरला नव्हता, मीच मागायच्या आधी उठून दिले. रोख पैशाचं असं असतं. तो घरात आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि समोर कोणाची तरी अडचण उभी असते. पॉइंट मात्र मलासुद्धा देता येणार नव्हते. मला तेच हवं होतं.

तिकीट हवं होतं धाकट्या बहिणीकडे जायला. ती राहते विमानाने चार तासांवर. अकरा वर्षांपूर्वी तिनेच मला तिकीट पाठवलं होतं. मी गेले. तिसऱ्या दिवशी जेवायला चार पाहुणे होते, त्यांच्यासमोर ती हसत हसत म्हणाली, "मी तिकीट पाठवलं तेव्हा कुठे ताईचे पाय लागले आमच्या घराला." ती खोटं बोलली असती तर मी तिथल्या तिथे भांडले असते आणि विषय संपला असता. ती खरं बोलली होती. म्हणून मी मुकाट्याने जेवले, ठरल्या तारखेला परत आले, आणि पुन्हा गेले नाही. मनाशी ठरवलं, आता जाईन ती स्वतःच्या जोरावर. तिच्या नाही, मुलाच्या नाही, कोणाच्याच उपकारावर नाही.

आणि आता भाचीचा फोन आला होता. आईच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, सात महिन्यांनी, वीस तारखेला. "आई म्हणते मावशीला कळवू नकोस. तिला वाटेल पुन्हा तिकीट पाठवणार आहोत."

हे ऐकल्यावर माणसाने काय करावं? मी बँकेत गेले.

आमच्या घराची खरेदी चौतीस वर्षं मी करते. मुलगा आणि सून महिन्याच्या सुरुवातीला आपापला वाटा माझ्याकडे देतात, पुढचं मी बघते. फरक एवढाच झाला की नोटांच्या जागी कार्ड आलं आणि महिनाअखेरीला त्याच वाट्यातून बिल भरायचं. पिशव्या मी उचलते, भाव मी करते, तेव्हा पॉइंटही माझेच. जायला बारा हजार लागणार होते, यायला बारा हजार.

कार्डाचा एक नियम होता. मोठ्या दुकानात बुधवारी तिप्पट पॉइंट. हे मला कळलं आणि घराचं पंचांगच बदललं. मंगळवारी आमच्याकडे काहीही नसायचं. चिरंजीवांनी एका मंगळवारी भांड्यांच्या साबणाने दाढी केली आणि ऑफिसात लिंबाचा वास सोडत बसले. नात टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापून आतून खरवडायला शिकली. सून म्हणाली, "आई, माणूस बुधवारीच मेलेला बरा, निदान सामानावर तिप्पट मिळतील."

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि घरी येऊन माझं आटवते, असं मी तिला तोंडावर सांगते. ती म्हणते, "तुमचं आटत नाही, उकळतं." आमचं बरं चाललंय.

एका सोमवारी तिला सणकून ताप भरला. मी खाली उतरले, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे, जिथे कार्डाचं मशीन नाही, आणि रोख देऊन गोळ्या आणल्या. त्यात पंचवीसएक पॉइंट गेले. मी कोणाला काही बोलले नाही. म्हणजे दोनदाच बोलले.

पाच महिन्यांत माझे पंधरा हजार झाले. मी फोनवर रोज बघायची, नातीने कुठे दाबायचं ते दाखवून ठेवलं होतं. पण असंच चाललं तर वीस तारीख आधी येणार आणि चोवीस हजार नंतर. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या नर्सने कपडे धुवायचं मशीन घ्यायचं काढलं.

"कधी घेणार?" मी विचारलं.

"शनिवारी सुट्टी आहे."

"बुधवारी घे. मी येते. तू पैसे मला दे, कार्ड मी घासते."

"का हो मावशी? माझ्या नोटांना काय झालं?"

"काही नाही झालं. चांगल्या आहेत. म्हणून तर माझ्याकडे दे."

ती बिचारी रजा काढून आली. मशीन घेतलं, त्यातलं सगळ्यात मोठं. मोठं घे असं मीच सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. एका फटक्यात सहा हजार पॉइंट पडले. त्या संध्याकाळी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. पुढच्या दोन आठवड्यांत बावीस हजार सहाशे झाले.

मशीन घरी यायला दोन आठवडे लागले होते. आलं आणि नर्सच्या न्हाणीघराच्या दारात अडकलं. दोन बोटं जास्त. हमालांनी आडवं केलं, उभं केलं, दाराची चौकट खरवडली, एकाने मशीनलाच शिव्या घातल्या. शेवटी परत गेलं. नर्सचे पैसे मी तिला चोख दिले. दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर सोळा हजार सहाशे.

मी बँकेत फोन लावला. "दिलेलं परत घेता?"

"मॅडम, वस्तू परत गेली की तिचे पॉइंटही परत जातात."

"वस्तू नर्सची, दार नर्सचं, आणि पॉइंट माझे जाणार?"

"मॅडम, कार्ड तुमचं आहे."

"ते मला माहीत आहे. वीस तारखेला बहिणीचं ऑपरेशन आहे, ते तुम्हाला माहीत आहे का?"

हे मी जरा मोठ्याने बोलले. फोन ठेवून वळले तर दारात चिरंजीव आणि त्यांच्यामागे सून. मग सगळं सांगावं लागलं.

"एवढंच ना?" चिरंजीव म्हणाले. "जायचं पॉइंटांवर घे, परतीचं मी काढतो. आत्ता काढतो."

"तू काढलंस तर मी तुझ्या तिकिटावर आले. मग तिचं काय वाईट होतं?"

"अगं, मी मुलगा आहे तुझा!"

"ती बहीण आहे माझी. नातं मोजायला बसले नाहीये मी."

त्याने पुन्हा कपाळाला हात लावला. सून मात्र ओट्याला टेकून विचार करत होती. ती म्हणाली, "आई, जायचं तिकीट घ्या आणि जा. परतीचे पॉइंट तिकडे मिळवा. तिकडे काय माणसं जेवत नाहीत?"

इतक्या वर्षांत मी तिचं तोंडावर कौतुक केलेलं नाही. त्या दिवशीही केलं नाही. पण रात्रीच्या जेवणात तिला पहिलं वाढलं.

मी अठरा तारखेला पोचले. धाकटी पुढच्या खोलीत खुर्चीत बसली होती. केस पांढरे झालेले, हनुवटी तशीच वर.

"कोणी पाठवलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. आले."

"मुलाने काढलं असेल तिकीट."

"माझं आहे. विमानाचा कर भरला तोही शिंप्याच्या भाड्यातून."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बारीक झालीस," म्हणाली. मी झाले नव्हते. पण तिच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आठव्या दिवशी तिला घरी आणलं. भाची नोकरीला जायची, मग घर माझ्या ताब्यात. मी पिशवी घेतली आणि निघाले तर पलंगावरून आवाज आला, "माझ्या घरातलं सामान तुझ्या कार्डावर यायचं नाही. मी माझ्या पैशाचं खाते."

"खा की. पैसे तू दे, कार्ड मी घासते."

"म्हणजे पैसे माझे आणि पॉइंट तुझे?"

"पिशवी कोण उचलणार? तू?"

तिने वॉकरकडे पाहिलं आणि उशीखालून पाकीट काढलं. दर खरेदीनंतर ती बिल मागायची, चष्मा लावून एकेक ओळ वाचायची, मग शेवटच्या नाण्यापर्यंत मोजून द्यायची. तिच्याकडेही कार्ड होतं, रोख परत देणारं, आणि तेच कसं शहाण्या माणसाचं हे मला रोज ऐकवायची. पण दर आठवड्याला विचारायचीही, "किती झाले?"

पहिल्या महिन्यात पटापट झाले. औषधं, पट्ट्या, न्हाणीघरात बसायची खुर्ची. जुने चार हजार सहाशे हाताशी होतेच, त्यांचे साडेदहा हजार झाले. आता दीड हजार राहिले. आणि तिथेच सगळं अडलं. काहीच संपेना. तेलाची बाटली आठवडाभर तेवढीच. तांदळाचा डबा उघडावा तर काठोकाठ. मला वाटलं, दोन म्हाताऱ्या बायका आणि दिवसभर बाहेर असलेली भाची, खाणार तरी किती? तीन आठवड्यांत कसेबसे दोनशे पॉइंट पडले.

मग एका दुपारी धाकटी न्हाणीघरात असताना मी पलंगाखाली झाडू घातला आणि तो कशाला तरी अडला. ओढून पाहिलं तर कापडी पिशवी. आत तेलाच्या दोन बाटल्या, तांदूळ, साखर, चहाची पुडी, तिच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट. वर बिल. परवाचं, धाकटीच्या कार्डावर केलेलं. भाची कामावरून येताना आणत होती आणि मी झोपले की दोघी डबे भरत होत्या.

माझं डोकं सणकलं. तशीच बसले फरशीवर. मी इथे एकेक पॉइंट वेचतेय आणि ही बाई माझ्या पाठीमागे तेल विकत घेतेय! दीड टक्क्यासाठी! सख्ख्या बहिणीशी!

मग बिल पुन्हा पाहिलं. दुकान कोपऱ्यावरचं, महागडं. तिथे ती मेली तरी साबणाची वडी घेणार नाही, हे तिने स्वतः मला सांगितलं होतं. पण त्या दुकानात मी जात नाही, म्हणून मला कळणार नव्हतं. म्हणजे दीड टक्का मिळवून वर दहा टक्के घालवत होती. धाकटी काहीही असेल, हिशेबात कच्ची नाही.

राहा अजून, एवढं म्हणायचं तर तिला जमत नाही. मलाही जमलं नसतं.

न्हाणीघराच्या दारातून वॉकरची टकटक आली. मी पिशवी होती तशी आत ढकलली आणि झाडू घेऊन उठले.

"काय करतेस तिथे?"

"झाडतेय. किती कचरा साठवलायस."

ती पलंगावर बसली. पाय खाली सोडले, नेमके पिशवीच्या पुढे. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती झाले गं?"

सकाळीच पाहिले होते. दहा हजार सातशे. बुधवारी एक मोठी खरेदी केली असती, चार पिशव्या भरून, तर पुढच्या आठवड्यात मी घरी असते.

"कुठले," मी म्हटलं. "आठ पण नाहीत धड."

"एवढेच?" तिचा चेहरा उजळला, आणि लगेच तिने तो आवरला. "कसलं दरिद्री कार्ड घेतलंस. मी सांगितलं होतं."

"तू कुठे सांगितलंस? मुलाने सांगितलं होतं."

"मग त्याचं ऐकायचं." तिने उशी पाठीला लावली. "बरं, आता उभी काय राहिलीस. चहा टाक."

मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. तळाला चिमूटभर होता. दारात येऊन म्हटलं, "चहा संपलाय."

धाकटी माझ्याकडे बघेना. पाय जरासे मागे घेतले, टाचा पिशवीला लागल्या असणार, पुन्हा पुढे केले. "बघ नीट. असेल थोडा."

"नाही म्हणते ना. जाऊन आणू का? मोठ्या दुकानातून?"

"एवढ्याशा पुडीसाठी कुठे जातेस उन्हात," ती घाईने म्हणाली. "तुझी भाची आणेल येताना."

मी डब्याचं झाकण लावलं.

"आणू दे," म्हटलं, आणि तिच्या शेजारी पलंगावर जाऊन बसले.