हातांची सवय

बोटभर मोजा पुन्हा निघाला होता—डाव्या पायातला. पाळण्याच्या कडेला लोंबत होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती, कारण पोराच्या तोंडाकडे आता बघवत नव्हतं. लालबुंद चेहरा, आवळलेल्या मुठी, गुडघे पोटाशी... संध्याकाळ झाली की सुरू. नवरा कौतुकानं त्याला भोंगा म्हणायचा. भोंगा वाजायच्या वेळी स्वतः नेमका कामावर असायचा.

ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. दुकानात तिच्या कानाला मान होता. गिऱ्हाइकानं नुसतं चाक फिरवलं की सांगायची—पट्टा सैल आहे, आत दोरा गुंतलाय. आवाज आहे म्हणजे बिघाड आहे, आणि बिघाड सापडतोच. म्हणून घरीही ती शोधत राहिली... लंगोट कोरडा, दूध पाजून झालेलं, ढेकर काढलेला. खांद्यावर उभं धरून झालं, हातावर पालथं घेऊन फेऱ्या मारून झाल्या. "बाळ धडधाकट आहे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "ताप नाही, उलट्या नाहीत, वजन छान वाढतंय. पोटशूळ म्हणतात याला. का होतो, ते आम्हालाही नीट माहीत नाही. काही महिन्यांत आपोआप थांबेल. अगदीच असह्य झालं तर पाळण्यात ठेवा आणि थोडा वेळ बाहेर जाऊन बसा." बिघाडच नाही! मग हा आवाज कसला? याच्यात नाही तर माझ्यात असणार—दुसरं काय?

तिला त्याचा राग आला होता. खराखुरा राग, एवढ्याशा जिवाचा. तिनं त्याला काखांत धरून उचललं आणि मनगटांत तो ओळखीचा जोर आला... अडकलेलं मशीन दोन्ही हातांनी धरून एकदा गदागदा हलवायचं, की आतलं सुटतं. हात निघालेच होते—नाही, निघाले नव्हते, निघणार होते—मी थांबले ना? थांबले.

तिनं त्याला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली. आतून रडणं येतच होतं. खालच्या खोलीतून सासूबाई धापा टाकत वर आल्या.

"अगं, बाहेर काय बसलीस?"

"बसलेय जरा." सांगावं का यांना? कुठल्या तोंडानं सांगायचं... आई, माझ्याकडे त्याला देऊ नका.

"दमलीस. रडून रडूनच मोठी होतात गं पोरं. याचा बाप तर—" त्या थांबल्या, कान देऊन ऐकू लागल्या. आतला आवाज हुंदक्यांवर आला, मग तोही थांबला.

"झोपला बघ! तुझ्या हाताला गुण आहे हो."

दुकानात आवाज थांबला की काम झालं म्हणायचं. तिनं तर काहीच केलं नव्हतं, आणि उद्याही संध्याकाळ होणार होती. सासूबाईंनी तिला उठवायला हात पुढे केला. तिनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि घट्ट बसून राहिली.